‘पहाटेचा ताबा’ कोणी लिहिली?

९ मार्च

वन्सं, सप्रेम नमस्कार.

वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, जुन्या नाटकातल्यासारखं वाटतं म्हणता. पण आज ‘ताई’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. ताई तुम्हाला हे म्हणतात, आणि ह्यांना काल सकाळी घेऊन गेले.

आरडाओरडा काही झाला नाही. हे दाढी करत होते. दोघे जण आले, दोघेही ओळखीचे. त्यातला एक मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवून गेला होता. पायपुसण्यावर बूट पुसून आत आले आणि मला म्हणाले, “वहिनी, थोडी विचारपूस आहे, दुपारपर्यंत सोडतो.” मग एकाने फळीवरून तुमची कादंबरी काढली. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय ना, ‘बंड्यास, ज्याच्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं’, ते त्याने दुसऱ्याला दाखवलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हे अर्ध्या गालावरच्या साबणासकट म्हणाले, “अहो, बहिणीने मायेने लिहिलंय ते.” पुस्तक एका पाकिटात घातलं, पाकिटाला लाख लावली, आणि ह्यांना टॉवेल खांद्यावर तसाच असताना गाडीत बसवलं.

फेब्रुवारीत तो उठाव फसला, त्या दिवशीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. बंडवाल्यांनी रेडिओ स्टेशनला हात लावला नाही. आधी वीज उपकेंद्र घेतलं, सगळ्या शहराचे रेडिओ गप्प केले, आणि मग वायरलेसच्या गाडीवरून सगळ्या छावण्यांना आपलंच निवेदन वाचून दाखवलं. तेव्हा मेसमध्ये सगळे ह्यांना चिडवत होते, “कॅप्टन, ही तर तुमच्या बहिणीची ‘पहाटेचा ताबा’ चालू आहे.” हेही हसले होते. हे वायरलेसमधले, बहीण अशी कादंबरी लिहिणारी, आणि ती कादंबरी देशात घराघरांत पोचलेली. आता कोणी हसत नाही.

तुम्ही राजधानीत असता, मोठमोठी माणसं तुमचं पुस्तक सही करून मागतात. त्यांच्यातल्या कोणाला तरी गाठा. ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं असेल तर ते मला आधी कळवा, म्हणजे मी कुठे उलटं बोलायला नको. काही सांगितलं नसेल तर तेही कळवा.

तुमची,
चिमणी

१४ मार्च

चिमणे,

तुझ्या शेवटच्या वाक्याने मला लागलं, पण तुझी चूक नाही. बंड्याने मला एक अक्षर सांगितलेलं नाही. त्याला मी एकदा विचारलं होतं की वायरलेसची गाडी कशी असते, तर म्हणाला, “चार चाकांची.” तेवढीच माझी त्याच्याकडची माहिती.

अर्पणपत्रिकेचं म्हणशील तर आई शेवटचं वर्षभर तुमच्याकडे होती. तिचं औषधपाणी, न्हाऊमाखू सगळं तुम्ही दोघांनी केलंत, म्हणून मला लिहायला सवड मिळाली. ते मी त्या एका ओळीत बसवलं. सविस्तर लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

मलाही बोलावलं होतं. जुन्या बँकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे, अजूनही भिंतीत तिजोरीचं दार आहे. चौकशी अधिकारी चष्मेवाले, बोलायला मऊ. मला खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्यापुढे माझं पुस्तक होतं, इतकी पानं दुमडलेली की पुस्तक मिटत नव्हतं. “आधी वीज घ्यायची हे तुम्हाला कोणी सांगितलं?” म्हणाले. मी म्हटलं, सुचलं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उपकेंद्राकडे उघडते. एकदा तिथे बिघाड झाला आणि सगळ्या गल्लीचे रेडिओ एकदम बंद पडले. मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि मला वाटलं, ज्याला देश घ्यायचा असेल त्याने इथूनच सुरुवात करावी. हे मी सांगितलं तर त्यांनी पुस्तकाचं आणखी एक पान दुमडलं. मग म्हणाले, “बाई, माझा जन्म या नोकरीत गेला. मला नाही सुचलं.”

तुला पाठवलेल्या माझ्या जुन्या पत्रांच्या नकलाही त्यांच्याकडे आहेत, पोस्टातच उतरवून घेतलेल्या. जिथे जिथे मी ‘बंड्या’ लिहिलंय तिथे लाल पेन्सिलीची रेघ आहे. मी म्हटलं, साहेब, तो जन्मल्यापासून बंड्या आहे, पाळण्यात त्याने कुठलं सरकार पाडलं? ते हसले नाहीत.

मी हातपाय हलवते आहे. कोणाला भेटते, काय करते, हे सगळं पत्रात लिहिता येणार नाही. तू जेवत जा. पिटुकलीला आत्याचा पापा.

ताई

२७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, ते लपवायचीही कोणी तसदी घेतली नव्हती.

परवा मला छावणीच्या फाटकावर बोलावलं आणि ह्यांचे कपडे धुवायला दिले. सदऱ्याला एकही बटण नाही. उसवलेली नाहीत, उपटलेली आहेत, जागोजागी कापडासकट. डाव्या खांद्यावर वाळलेलं रक्त आहे, कानाच्या खाली येईल असं. मी तो सदरा धुतला नाही आधी, मांडीवर घेऊन बसले. मग वाटलं, धुतला नाही तर दुसरा घ्यायला बोलावणार नाहीत. म्हणून धुतला. बटणं लावून दिली.

शाळेने मला ‘सध्या येऊ नका’ म्हणून सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गणित काय, कोणीही शिकवेल. आमच्या ओळीतल्या घरांचे पडदे मी बाहेर पडले की ओढले जातात. पिटुकलीशी खेळायला कोणी येत नाही.

आणि आज मला काय कळावं? पुरवठा विभागातल्या एकीची बहीण राजधानीत असते, तिने तुम्हाला सरकारी गाडीतून उतरताना पाहिलं. नव्या विश्रामगृहासमोर. शिपायाने दार उघडलं आणि तुम्ही आत गेलात. रोज जाता म्हणे. मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. तर ती म्हणाली, पुस्तकाच्या मागे फोटो आहे की, चुकेल कशी.

वन्सं, तुम्ही त्यांच्यात सामील झालात का? तुमचं पुस्तक वाचून बंड झालं, नवरा माझा आत गेला, आणि तुम्हाला गाडी. माझ्या मनात काय काय येतं ते लिहिलं तर तुम्ही पुन्हा माझं तोंड बघणार नाही. एवढंच विचारते. त्या घरात रोज काय करता?

चिमणी

२९ मार्च

चिमणे,

हे पत्र तुला हातोहात मिळेल. आणणारा माझ्या शेजारणीचा भाऊ आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. तुमच्या छावणीच्या दवाखान्यात त्याची नेहमीची फेरी असते. यापुढे पोस्टात टाकायच्या पत्रात फक्त हवापाण्याच्या गोष्टी लिही, बाकीचं याच्याकडे दे. वाचून झालं की जाळ.

विश्रामगृहात मी लिहिते.

चष्मेवाल्यांनी मला दुसऱ्या भेटीत सरळ सांगितलं, “तुमचा भाऊ बोलत नाही. आमच्या लोकांचा धीर सुटत चाललाय. मला वाटतं तुम्ही खरं बोलत असाल, पण वाटण्यावर मी त्याला सोडू शकत नाही. एका बाईच्या डोक्यातून एवढं अचूक निघू शकतं, हे मला वर सिद्ध करून दाखवावं लागेल.” मी विचारलं, कसं? तर म्हणाले, “पुन्हा लिहा. माझ्यासमोर. पुढचा उठाव राजधानीत झाला तर कसा होईल. लिहिताना कोणाला भेटायचं नाही, फोन नाही, एकही पुस्तक नाही. आमचे लोक ते ताडून बघतील. बरोबर निघालं तर तुम्हाला माहिती पुरवणाऱ्याची गरजच नव्हती हे ठरलं, आणि तुमचा भाऊ घरी.”

म्हणून ती गाडी. रोज सकाळी नेतात आणि संध्याकाळी आणून सोडतात, जाताना टेबलावरचे कागद मोजून ठेवून घेतात.

चिमणे, मी मुद्दाम वाईट लिहिलं तर बंड्या गेला. आणि चांगलं लिहिलं तर? गोष्टीत माणसं लागतात. मी म्हणणार की अमुक खात्यातला एक जण फुटतो. माझ्या कागदावर तो नुसता एक जण. पण खऱ्यात त्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असेल ना? त्याला सकाळी डबा कोणीतरी भरून देत असेल.

सदऱ्याचं वाचल्यापासून मात्र मी या विचाराला दाराबाहेर उभं केलंय. आज बरीच पानं झाली. तू मला जे जे मनात म्हणालीस ते म्हणायचा तुला हक्क आहे.

ताई

१ एप्रिल

वन्सं,

मला माफ करा. प्रतिनिधी दवाखान्याच्या मागच्या दाराशी उभा होता, मी तिथेच कोपऱ्यात पत्र वाचलं आणि खाली बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली.

तुम्ही लिहा. कोणाचीही खुर्ची असू दे. मी एवढी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं, पण आहे. ज्याचं नाव मला ठाऊक नाही तो गेला तरी चालेल, हे परत आले पाहिजेत. हे पाप माझ्या नावावर लिहा.

तुम्हाला काळजी नको म्हणून एक चांगली गोष्ट सांगते. आमच्या समोरच्या घरात वाहन विभागाचे कर्नलसाहेब राहतात. सगळ्या ओळीत त्यांच्याच घराचा पडदा उघडा असतो. आमचं पाणी बंद केलं होतं, तर त्यांनी कोणाला न विचारता टँकर दारात उभा केला. वर विचारणा झाली तेव्हा म्हणाले, “लहान पोर आहे त्या घरात, नोंद माझ्या नावाने करा.” ड्रायव्हर लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. बढती दोनदा हुकली त्यांची, वर जीभ चालवतात म्हणून, पण त्यांच्या एका शब्दावर सगळ्या गाड्या हलतात, कुठे जायचं हेही कोणी विचारत नाही.

आणि त्यांची बायको, आमची कर्नलीणबाई. बोलायला लागली की तिचा आवाज परेडच्या मैदानापर्यंत जातो. रोज दुपारी विणकाम घेऊन मुद्दाम माझ्या पायरीवर येऊन बसते, आतही येत नाही. म्हणते, “आत बसले तर लोकांना दिसणार कशी?” पिटुकलीचे केस विंचरते. काल मी रडायला लागले तर मला दटावलं, “रडायचं असेल तर जेवून रड, उपाशीपोटी रडलीस तर आजारी पडशील.” ही बाई नसती तर मी आज तुम्हाला लिहायला उरले नसते.

कधी संपेल तुमचं लिहून?

तुमची,
चिमणी

६ एप्रिल

चिमणे,

तुझं पत्र काल हातात पडलं. त्याच्या दोन दिवस आधी मी लिखाण देऊन मोकळी झाले होते.

मी तुला माझ्या गोष्टीत काय आहे ते सांगते, आणि तू ते उभ्याने वाचू नकोस. मला एक माणूस हवा होता. वाईट माणूस घेऊन चालत नाही, वाईटाच्या मागे शिपाई जात नाहीत. मला असा हवा होता ज्याच्यावर हाताखालच्यांचं प्रेम आहे, ज्याने सांगितलं तर ते कुठे आणि का विचारणार नाहीत. रणगाडे नकोत, तोफा नकोत, त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. गाड्या हव्यात. साध्या, रोज येणाऱ्या-जाणाऱ्या, पाण्याच्या, रेशनच्या. म्हणून मी वाहन विभागाचा प्रमुख घेतला. राजधानीला गाड्या पुरवणारी जवळची छावणी तुमचीच, तीच घेतली. त्याला थोडा सल हवा, म्हणून त्याची बढती हुकवली. वरिष्ठांपुढे स्पष्ट बोलणारा केला. मनाने चांगला केला, कारण चांगल्या माणसालाच कधीतरी वाटतं की आता पुरे झालं.

मला तुझ्या समोरच्या घराची काहीही कल्पना नव्हती. तू त्यांच्याबद्दल आधी कधी लिहिलं नव्हतंस. चिमणे, मी त्यांना कल्पनेतून उभं केलं आणि ते खरेच तिथे उभे होते.

पत्र वाचल्याबरोबर मी पळत चष्मेवाल्यांकडे गेले. म्हटलं, एक प्रकरण चुकलंय, कागद परत द्या, दुरुस्त करून देते. ते म्हणाले, “काहीच चुकलेलं नाही. वाचून आमच्या लोकांना घाम फुटला. तुमचा भाऊ सुटेल, मी शब्द दिलाय.” मी म्हटलं, त्यातला माणूस खोटा आहे. ते म्हणाले, “पहिल्या पुस्तकातलीही सगळी खोटीच होती ना?” आणि चष्मा पुसत बसले.

त्या बाईंना काही सांगू नकोस. सांगून काय सांगणार? साहेबांना कुठे निघून जाता येईल का, रजा, आजारपण, काहीतरी? बघ. मला काही सुचत नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

ताई

१९ एप्रिल

वन्सं,

हे घरी आले.

गुरुवारी सकाळी गाडी आली, ह्यांना दारात उतरवलं. मी आधी ओळखलं नाही, वन्सं. एक म्हातारा मनुष्य कुंपणाला धरून उभा होता. पिटुकली माझ्या मागे लपली. ह्यांनी तिला हाक मारली, आणि मग तिने त्यांच्या डाव्या अंगाने हळूच उत्तर दिलं ते ह्यांना ऐकूच गेलं नाही. डावा कान गेला आहे. वायरलेसचा माणूस, टिकटिक ऐकून कोण बोलतंय ते सांगायचे.

आणि तीच गाडी, इंजिन बंदही न करता, समोरच्या दाराशी गेली.

मला वाटलं होतं की सावध करायला वेळ मिळेल. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी कर्नलसाहेबांना म्हटलं, साहेब, काही दिवस बाईंना घेऊन कुठेतरी जाऊन या. ते हसले, “माझ्या गाड्या कोण बघणार?” ह्याहून जास्त मला बोलता आलं नाही. बोलले असते तर ‘तुला कसं माहीत’ हे आलं असतं.

साहेब पायजम्यावर होते. जाताना ह्यांना बघून थांबले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आलास? बरं झालं.” मग गाडीत बसले.

दुपारी कर्नलीणबाई माझ्याकडे आली. पहिल्यांदाच आत आली. आवाज नव्हताच तिला. म्हणाली, “कुठल्या फाटकावर जायचं असतं ग? कपडे कोण घेतं?” मी तिला सगळं सांगितलं. कोणत्या खिडकीशी उभं राहायचं, कोणत्या शिपायाला बायकांची थोडी दया येते, कपड्यांबरोबर बटणं जास्तीची ठेवायची. मी सांगत होते आणि ती मान हलवत होती. मग माझा हात धरून म्हणाली, “तुझ्या नणंदेची वर ओळख आहे म्हणतात, तिने तुझ्या नवऱ्याला सोडवलं. तिला माझ्यासाठी एक शब्द टाकायला सांगशील?”

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी कोणाचीही खुर्ची चालेल असं लिहिलं होतं ना? नाही चालत. ह्यांच्या ताटात वाढताना मला समोरचा बंद पडदा दिसतो. वन्सं, काहीतरी करा. ह्यांना परत न नेता काहीतरी करा.

चिमणी

२५ एप्रिल

चिमणे,

सगळ्या बाजूंनी डोकं आपटून झालं. मी म्हणते, कर्नल निर्दोष आहेत, मी त्यांना मनातून रचलं. ते म्हणतात, तुमच्या मनातलं खरं निघतं, त्यावरच तर तुमचा भाऊ सुटला. उद्या मी म्हटलं की कोणीतरी मला त्यांची माहिती दिली होती, खोडसाळपणे, तर तो कोणीतरी म्हणून पहिला बंड्याच आत जाईल. माझी कल्पना खरी ठरली म्हणून एक सुटला, आणि खरी ठरली म्हणूनच दुसरा अडकला.

मग एकच वाट उरते. ती कल्पना माझी नव्हतीच, असं म्हणायचं.

नीट वाच. मी पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तिथे एका निवृत्त अधिकाऱ्याचं हस्तलिखित आलं होतं. एकटा माणूस, मागेपुढे कोणी नाही, पुस्तक छापून व्हायच्या आत मेला. मी ते बाड घरी नेलं, नावं बदलली, आणि ‘पहाटेचा ताबा’ म्हणून स्वतःच्या नावावर छापलं. विश्रामगृहात जे लिहिलं ती त्याच बाडाची उरलेली पानं, माझी तोंडपाठ होती. त्यातला वाहनप्रमुख हा त्या म्हाताऱ्याच्या तरुणपणीचा कोणीतरी. आजच्या कोणाशी त्याचा संबंध नाही. बाड मी जाळलं.

असा माणूस कधी नव्हता, हे तुला सांगायला नको. पण मी त्याच्यावर फार मेहनत घेतली आहे. त्याला दम्याची उबळ दिली, चिडका स्वभाव दिला, तो समासात हिरव्या शाईने लिहायचा. माझ्या हातून याहून चांगलं काही लिहून झालेलं नाही, आणि हे माझं आहे असं मला कधी म्हणता येणार नाही.

काल चष्मेवाल्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाले, “मला वाटलंच होतं, बाई.” स्वयंपाकघरात भांडी घासताना कोणाला असलं सुचतं यापेक्षा कोणीतरी चोरी केली, हे त्यांना पचायला किती सोपं गेलं. मेलेल्या अधिकाऱ्याने सगळं लिहिलं म्हटल्यावर बंड्यावरही किटाळ राहत नाही. वरिष्ठांना मात्र लोकांसमोर कबुली हवी आहे. येत्या सोमवारी मी रेडिओवर निवेदन वाचणार आहे.

बंड्याला खरं सांगू नकोस, कधीच. त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. कोणी त्याच्यासमोर मला चोर म्हटलं तर तो उठून खरं बोलेल, आणि मग सगळं पहिल्यापासून.

हे पत्र जाळ. राख मोरीत सोड.

ताई

२२ मे

वन्सं,

कर्नलसाहेब परवा घरी आले. नोकरी गेली, पेन्शनचं काय ते ठरलेलं नाही, पण चालत आले. ते सामान आवरताहेत, मी कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते आहे. एका पानावर तुमचाच फोटो होता, ते पान मी बाजूला ठेवलं तर कर्नलीणबाईने माझ्या हातातून ओढून घेतलं आणि त्यातच बशी गुंडाळली. “या चोरटीच्या पायी माझ्या माणसाला तिथे जावं लागलं,” म्हणाली. “तुझी नणंद आहे, तुला वाईट वाटेल, पण मी बोलणार.” मी म्हटलं, बोला. तिचा आवाज परत आलाय, एवढं मला पुरे.

तुमचं कसं चाललंय ते प्रतिनिधीने सांगितलं. लोक जिन्यात पुस्तकं आणून टाकतात, काही फाडून, काही तशीच. प्रकाशकाने फिर्याद केली. आणि तुम्ही दार लावून आत बसून असता. माझ्याकडे या, असं मला लिहिता येत नाही. का ते आता लिहिते.

ह्यांनी मला तिथलं काहीच सांगितलं नव्हतं. तुमचं निवेदन लागलं त्या दिवशी हे उजवा कान रेडिओला लावून बसले होते. तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या हिरव्या शाईपर्यंत आलात तेव्हा ह्यांनी रेडिओ बंद केला. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपणहून बोलले. म्हणाले, “तिथे मला एकच प्रश्न विचारायचे, तिला कोणी सांगितलं. मी दर वेळी एकच उत्तर दिलं. माझ्या बहिणीचं डोकं आहे ते, तिने डोक्यातून लिहिलं. कान गेला त्या दिवशीही हेच म्हणालो. म्हटलं, दुसरं काही नसलं तरी हे वाक्य खरं आहे, याला धरून राहू. त्याच्यावरच मी तिथे टिकलो.” मग चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला. बोटं अजून नीट मिटत नाहीत.

तुमचे जुने फोटो त्यांनी पेटीत घातले. पिटुकलीने आत्याबद्दल विचारलं तर उठून बाहेर गेले.

काल संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं? ताईने खरंच चोरलं असेल?”

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. हळू बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. समोर कर्नलसाहेब एक खोकं उचलून गाडीत ठेवत होते.

वन्सं, मी हो म्हटलं.

तुमची,
चिमणी